टक्क्याआधी छेद पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मुलांसाठी शाळा कशी निवडावी, यावर मराठी वृत्तपत्रांतून अधूनमधून मजकूर येतो. घर घेण्याआधी संकेतस्थळावर शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते पाहा, ग्रॅज्युएशनचा, म्हणजे हायस्कूल पूर्ण करणाऱ्या मुलांचा, दर पाहा, असा त्यातला सल्ला. मोठ्या हायस्कूलपुरता तो चालून जातो. पण त्याच डिस्ट्रिक्टमध्ये (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागात) बहुधा ८०-९० मुलांचं, मागे पडलेल्यांसाठीचं एक पर्यायी हायस्कूल असतं. त्याच्यापुढे दहापैकी दोन आणि ग्रॅज्युएशन ५५ टक्के असं काहीतरी दिसतं आणि वाचणारा नाक मुरडून पुढे जातो. पुढे कधीतरी दहावीत मागे पडलेल्या मुलाच्या आईवडिलांना काउन्सेलर नेमकी हीच शाळा सुचवतो, तेव्हा घरात रडारड होते ती या आकड्यामुळे. हा आकडा कसा तयार होतो आणि त्यावरून काय ठरवता येत नाही, एवढंच या पत्रात सांगायचं आहे. उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्नियाची घेतली आहेत. इतर राज्यांत नावं आणि नियम बदलतात. हिशेबाची रीत फारशी बदलत नाही.

आधी दर. अमेरिकेत २०१०-११ पासून राज्यं ज्या पद्धतीने ग्रॅज्युएशन दर काढतात, तिच्यात नववीत पहिल्यांदा आलेल्या मुलांचा एक गट धरला जातो. त्यात नंतर दाखल झालेली मुलं मिळवायची; दुसऱ्या शाळेत गेलेली, देश सोडलेली आणि मृत्यू पावलेली वजा करायची. हा झाला छेद. त्यांपैकी चार वर्षांत नियमित डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) मिळवलेली मुलं म्हणजे अंश. जीईडीसारखी समकक्ष परीक्षा अंशात धरत नाहीत. मुलाला छेदातून काढायचं तर ते डिप्लोमा देणाऱ्या दुसऱ्या शाळेत गेल्याचा लेखी पुरावा लागतो. घरचे परराज्यात गेले आणि नव्या शाळेकडून कागद मागवल्याची नोंदच आली नाही, तर ते मूल आधीच्या शाळेच्या नावावर ‘डिप्लोमा नाही’ म्हणून राहतं. गटात ४० मुलं असतील तर असा एक हरवलेला कागद अडीच टक्क्यांना पडतो. ४०० मुलांच्या शाळेत तोच कागद पाव टक्क्याचा.

आता एक काल्पनिक डिस्ट्रिक्ट घेऊ. मोठ्या हायस्कूलच्या गटात ४०० मुलं. त्यांतली ३६० वेळेवर डिप्लोमा घेणारी, ४० मागे पडलेली. ही ४० तिथेच राहिली असती तर समजा १० कशीबशी वेळेत पार पडली असती. शाळेचा दर झाला असता ३७० भागिले ४००, म्हणजे साडेब्याण्णव टक्के. त्याऐवजी ही ४० मुलं अकरावीत पर्यायी शाळेत गेली. तिथे २२ जणांनी चार वर्षांत डिप्लोमा घेतला, आणखी ८ जणांनी पाचव्या वर्षी. आता मोठ्या शाळेचा दर ३६० भागिले ३६०, म्हणजे शंभर टक्के. पर्यायी शाळेचा ५५. डिस्ट्रिक्टचा मिळून ४०० पैकी ३८२, साडेपंच्याण्णव. पाचवं वर्ष धरलं तर साडेसत्याण्णव. म्हणजे पर्यायी शाळेमुळे वेळेत १२ डिप्लोमे वाढले. त्याचं श्रेय वरकरणी मोठ्या शाळेच्या फलकावर झळकतं आणि ठपका मात्र छोटीवर. शंभर टक्के मिरवणाऱ्या शाळेबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा, की तिच्या गटातून किती मुलं बाहेर गेली आणि कुठे गेली.

ठपका नुसता तोंडी नसतो. २०१५ च्या संघीय शिक्षण कायद्यानुसार ज्या हायस्कूलमध्ये एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं डिप्लोमाविना राहतात, ते सर्वंकष सुधारणेच्या यादीत जातं. ही यादी राज्याने तीन वर्षांतून किमान एकदा करायची असते. चार वर्षांचा दर लावला तर आपली ५५ टक्क्यांची शाळा थेट यादीत. मागे पडलेल्या किंवा शाळा सोडून परत आलेल्या मुलांच्या शाळांसाठी वेगळे उपाय चालवायला आणि शंभरापेक्षा कमी पट असेल तर डिस्ट्रिक्टला ते उपाय राबवणं टाळायलाही राज्य परवानगी देऊ शकतं. ही कलमं कायद्यातच आहेत, पण यादीतलं नाव त्यामुळे पुसलं जात नाही आणि संकेतस्थळावरून घर शोधणारा ती कलमं वाचत बसत नाही.

मुलं मागे पडतात म्हणजे काय, हे क्रेडिटच्या हिशेबाशिवाय कळत नाही. कॅलिफोर्नियातल्या अनेक डिस्ट्रिक्टमध्ये डिप्लोमाला २२० क्रेडिट लागतात. एका विषयाचं एक सत्र पास झालं की ५. दिवसाला सहा तासिका धरल्या तर वर्षाला ६०, चार वर्षांत २४०. हाताशी जादा राहतात फक्त २०, म्हणजे चार नापास सत्रांची मुभा. नववीत बीजगणिताची दोन्ही सत्रं आणि इंग्रजीचं एक गेलं की त्यातले १५ तिथेच खर्च. बीजगणित तर राज्याच्या किमान अटींतच आहे, ते पुन्हा करावंच लागतं आणि त्यासाठी दुसऱ्या कुठल्या तरी विषयाची तासिका जाते. त्यात दहावीत मध्येच घर बदललं, अर्धं झालेलं सत्र जुन्या शाळेने लिहून दिलं नाही, की अकरावीच्या सुरुवातीला जिथे १२० हवेत तिथे ७० दिसतात.

अशा मुलाला सहसा कंटिन्युएशन हायस्कूल सुचवतात. कॅलिफोर्नियात ही व्यवस्था १९१९ पासून आहे, मुळात नोकरी करणाऱ्या पोरांसाठी. आज सोळा वर्षं पूर्ण झालेल्या आणि क्रेडिटमध्ये मागे असलेल्या मुलांसाठी. आठवड्याला किमान १५ तास वर्ग, असा तिचा नियम. आता गणित मांडा. ७० क्रेडिट घेऊन आलेल्या मुलाला दोन वर्षांत १५० मिळवायचे आहेत, वर्षाला ७५. आठवड्याला १५ तास, ३६ आठवडे, म्हणजे ५४० तास. १२ तासांच्या कामाला १ क्रेडिट धरला तर वर्षाला ४५. दोन वर्षांत ९०. उरलेले ६० कुठून आणायचे? कामाच्या अनुभवाचे सत्राला १० पर्यंत मिळू शकतात, एकूण जास्तीत जास्त ४०. उन्हाळी सत्रात १०. कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजच्या) एखाद्या कोर्सचे, डिस्ट्रिक्ट मान्य करत असेल तर, १०. जमले दीडशे. पण एकही कडी निसटून चालत नाही. हजेरी ८० टक्क्यांवर आली तर ४५ चे ३६ होतात, दोन वर्षांत १८ ची तूट, आणि मूल जूनऐवजी पुढच्या डिसेंबरात डिप्लोमा घेतं. हिशेबात तो चार वर्षांत न मिळालेला डिप्लोमा.

दुसरी गफलत याहून जास्त वेळा होते. बेरीज जुळते आणि विषय जुळत नाहीत. कामाच्या अनुभवाचे क्रेडिट ऐच्छिक खात्यात जातात, त्यांनी गणिताची किंवा इंग्रजीची तूट भरत नाही. राज्याच्या किमान अटींत शारीरिक शिक्षणाची दोन वर्षं आहेत, म्हणजे २० क्रेडिट. बारावीच्या वसंतात नेमके तेच अडकलेलं मूल पर्यायी शाळेत हमखास सापडतं, कारण नववीत ज्या तासाला ते सर्वांत आधी दांडी मारतं तो मैदानाचा. म्हणून शाळेत पाऊल ठेवल्याच्या पहिल्या आठवड्यात ट्रान्सक्रिप्टवरून (आतापर्यंतच्या विषयांच्या आणि श्रेणींच्या नोंदीवरून) विषयवार तक्ता करणं हे इथलं पहिलं काम. ज्या शाळेत हा तक्ता मुलाच्या हातात असतो आणि दर पाच-सहा आठवड्यांनी पुढे सरकतो, तिथे मुलं टिकतात. नुसती एकूण बेरीज सांगणारी शाळा शेवटच्या सत्रात तोंडघशी पडते.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या राज्याच्या विद्यापीठांच्या थेट प्रवेशाला १५ ठरावीक विषय-वर्षं आणि त्यांत किमान ‘सी’ श्रेणी लागते. कंटिन्युएशन शाळांतले सगळे कोर्स त्या यादीत नसतात. तिथून पुढचा नेहमीचा रस्ता कम्युनिटी कॉलेजमधून जातो. तो चांगला रस्ता आहे, पण घरच्यांना तो आधी सांगितला गेला पाहिजे.

आता छोट्या संख्यांकडे. बारावीत २० मुलं असतील तर एक मूल म्हणजे ५ टक्के. एका वर्षी १२ जणांना डिप्लोमा, पुढच्या वर्षी ९, त्यानंतर १५. दर झाले ६०, ४५, ७५. मधल्या वर्षी ‘घसरण’ असा मथळा येईल आणि तिसऱ्या वर्षी ‘चमत्कार’. प्रत्यक्षात शिकवणं तेच, शिक्षक तेच. २० मुलांत ६० टक्के दर असताना निव्वळ योगायोगाने तो साधारण २१ टक्के वर किंवा खाली जाऊ शकतो. ४०० मुलांत हीच मर्यादा पाचाच्या आसपास. तीन वर्षं एकत्र करून ६० मुलांचा दर काढला तर ती १२ पर्यंत उतरते. तेही ढोबळच, पण वर्षावर्षाची हळहळ तरी थांबते. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं होतं, की शाळांच्या क्रमवारीत छोट्या शाळा वरच्या टोकाला प्रमाणाबाहेर दिसतात त्या मोठ्या अंशी याच चढउतारामुळे. खालच्या टोकालाही तसंच होतं.

परीक्षांचे गुण वाचताना मेख आणखी बारीक आहे. कॅलिफोर्नियात हायस्कूलची भाषा-गणिताची राज्य परीक्षा अकरावीत, वसंत ऋतूत. फेब्रुवारीत दाखल झालेलं मूल तीच परीक्षा पर्यायी शाळेत बसून देतं. मात्र शाळेच्या हिशेबात ऑक्टोबरच्या गणनेच्या (पट मोजण्याच्या) दिवसापासून सलग असलेलीच मुलं धरतात. त्यामुळे पट ९० आणि निकालात १४ मुलं, असा प्रकार होतो. शिवाय ९५ टक्के मुलांनी परीक्षा द्यावी ही संघीय अट. विसापेक्षा कमी मुलं असतील तर एकाच गैरहजर मुलाने ती मोडते: १९ पैकी १८ म्हणजे ९४.७. आणि २० पैकी १५ जण बसले तरी प्रावीण्याचा टक्का १५ वर काढत नाहीत, १९ वर काढतात. न आलेल्या पाचांपैकी चार मुलं अशी आपसूक नापास धरली जातात. परीक्षेच्या आठवड्यात घरोघरी फोन करणाऱ्या शाळेचा आणि न करणाऱ्या शाळेचा फरक गुणांत दिसतो. शिकवण्याशी त्याचा संबंध कमीच.

गैरहजेरीचं तेच. दाखल असलेल्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस बुडाले की मूल ‘दीर्घकालीन गैरहजर’. १८० दिवसांच्या वर्षात त्याला १८ खाडे लागतात. एप्रिलात येऊन ४० दिवस राहिलेल्या मुलाला ४ पुरतात.

आता सामाजिक चित्राकडे. ‘मोफत जेवण १०० टक्के’ हा रकाना बघून सगळी शाळा गरीब असा निष्कर्ष काढतात. मूळ नियम असा, की दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत जेवण आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. पण सामुदायिक पात्रतेच्या योजनेत ठरावीक प्रमाणात मुलं सरकारी मदतीच्या यादीतून थेट पात्र ठरली की साऱ्या शाळेला मोफत जेवण मिळतं. ही किमान मर्यादा २०२३ मध्ये ४० वरून २५ टक्क्यांवर आली. कॅलिफोर्नियात तर २०२२-२३ पासून सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला जेवण मोफत आहे. त्यामुळे शाळांची तुलना करायची तर थेट पात्र ठरलेल्या मुलांचा टक्का मागावा. राज्याचा ‘सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित’ हा रकानाही चालतो, मात्र त्यात आईवडिलांचं हायस्कूल पूर्ण नसलेली मुलंही येतात हे लक्षात ठेवावं. ‘बेघर’ या रकान्यानेही दचकू नये. घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारी मुलं संघीय व्याख्येत त्यातच मोडतात. जिथे कुणी आपुलकीने विचारतं तिथे हा आकडा वाढतो.

वंशाच्या रकान्यात आपली मुलं ‘एशियन’मध्ये जातात, तिथे चिनी, व्हिएतनामी, कोरियन सगळ्यांसोबत. कॅलिफोर्नियात एखाद्या गटात दहा किंवा त्याहून कमी मुलं असतील तर निकाल छापत नाहीत, तारका देतात. तारका म्हणजे शून्य नव्हे. पर्यायी शाळेत आपल्या गटापुढे बहुधा तारकाच असते, त्यामुळे ‘इथे आपली मुलं नाहीतच’ हा समजही त्यावरून पक्का करू नये.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाची गंमत वेगळीच. इंग्रजी चांगलं झालं की मूल त्या गटातून बाहेर काढतात. हुशार झालेला बाहेर, नवखा आत. मग गटाचे गुण कायम खाली. पर्यायी शाळेचंही असंच आहे. क्रेडिट भरून काढलेलं मूल कधी जुन्या शाळेत परत जातं आणि डिप्लोमा तिथे मोजला जातो.

या शाळेची तुलना राज्याशी करण्यात अर्थ नाही. ज्या हायस्कूलमधून मुलं येतात त्यांच्याशी करावी आणि टक्क्यांबरोबर डोकी मोजावीत. समजा डिस्ट्रिक्टच्या हायस्कूल वर्गांत लॅटिनो मुलं ५० टक्के आणि ९० मुलांच्या पर्यायी शाळेत ६१ जण. अपेक्षा ४५ ची; १६ मुलं जास्त. हे योगायोगाने सहसा होत नाही, डिस्ट्रिक्टच्या शाळा-बोर्डाच्या सभेत उभं राहून विचारण्यासारखं आहे. दुसरीकडे कृष्णवर्णीय मुलं डिस्ट्रिक्टमध्ये ३ टक्के आणि इथे ६ जण. ‘दुप्पट’ म्हणायला सोपं, पण फरक तीन मुलांचा. एका वर्षावरून काही ठरवू नये. चार-पाच वर्षं तेच दिसलं तर मात्र सोडू नये. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत स्वेच्छेच्या बदलीबाबत स्पष्ट निकष असावेत आणि वंश, भाषा किंवा विशेष गरजांवरून कोणताही गट प्रमाणाबाहेर कंटिन्युएशनमध्ये ढकलला जाऊ नये, असं लिहिलेलं आहे. सक्तीची बदली असेल तर लेखी सूचना आणि भेटीची संधी द्यावी लागते, आणि मूल ज्या शाळेत आहे तिथला कोणीही कर्मचारी अंतिम निर्णयात असता कामा नये. हा नियम घरच्यांना सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

मग शाळा पारखायची कशी? मुख्याध्यापकांना भेटून विचारावं: मुलं दाखल होताना सरासरी किती क्रेडिट घेऊन येतात आणि इथे सत्राला किती मिळवतात? आधीच्या शाळेत सत्राला १२ मिळवणारं मूल इथे २५ मिळवत असेल तर दर ५५ असो वा ६५, शाळा काम करते आहे. पाच वर्षांचा दर किती? ऑक्टोबरच्या गणनेच्या दिवशी पट किती होता आणि वर्षभरात एकूण किती मुलं नोंदली गेली? ९० आणि १६०, अशी तफावत असेल तर सोडून गेलेली कुठे गेली, हे नावांशिवाय, नुसत्या संख्येत सांगता येतं. एका काउन्सेलरकडे किती मुलं? अर्धवट सत्राचे क्रेडिट लिहून देता का? उत्तर ‘बघू’ असं आलं तर बदलीच्या कागदावर सही करण्याआधी विषयवार कमतरतेचा तक्ता लेखी मागून घ्यावा, त्यावर डिप्लोमाची अपेक्षित तारीखही घालून.

आपल्याकडे एक विनंती. शाळांचे आकडे यापुढे छापाल तेव्हा टक्क्याशेजारी मुलांची संख्या, आणि दर चार वर्षांचा आहे की पाच, एवढं द्यावं. चौकटीत एखादी ओळ वाढेल.

आपले,
कॅलिफोर्नियातील काही मराठी शिक्षक